कोऱ्या कापडाचं रडर

कोपरखैरण्याला माझा शिवणक्लास सुरू झाला तेव्हा मी भिंतीवर एकच सूचना रंगवून घेतली होती: ‘अस्तर भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही.’ बाकी काही लिहिलं नव्हतं, कारण बाकीचं चुकलं तर उसवून नीट करता येतं. सुती अस्तर मात्र पहिल्या धुण्यात आटतं. ते न भिजवता शिवलं की ब्लाउज एकदा धुतल्यावर आतून आखडतो, वरून फुगतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं. म्हणून आमच्याकडे कापड आलं की आदल्या संध्याकाळी बादलीत, सकाळी सावलीत वाळत, मग इस्त्री, मग खडू, मग कात्री. बायकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कापड कशासाठी आलं आहे हे विचारायच्या आधीच ते बादलीत गेलेलं असायचं.

त्याच सूचनेमुळे हवाई दलाच्या एका विमानाचं शेपूट आमच्या हातून बिघडलं. आमच्याच हातून ते नीट झालं, म्हणून हे लिहायला घेतलं. नुसतं बिघडलं असतं तर लिहिलं नसतं.

नव्वदच्या दशकातली, थंडीतली गोष्ट. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहायचे. हवाई दलात इंजिन मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर जवळच्या एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात वर्कशॉप शिकवायचे. सोसायटीतला कुठलाही नळ, पंप, कुलूप त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय दुरुस्त झालं असं मानलं जात नसे. मला ते ‘मास्तर’ म्हणायचे. टेलरमास्तरातलं मास्तर.

एका दुपारी ते क्लासच्या दारात येऊन उभे राहिले.

“मास्तर, मापं घ्यायला येणार का? गिऱ्हाईक जरा अवघडलेलं आहे, इथवर यायचं नाही.”

“काय शिवायचंय?”

“नवा अंगरखा. जुना कळंबोलीला फाटला.”

“काका, सरळ सांगा. माझ्याकडे शाळेच्या युनिफॉर्मचा ढीग पडलाय.”

“विमान आहे,” ते म्हणाले.

मशिनवर बसलेल्या सगळ्याजणींचे पाय एकदम थांबले.

प्रकार असा होता. त्यांच्या कॉलेजला हवाई दलाकडून एक जुनं विमान मिळत होतं. पुढे पंखा असलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बनावटीचं. अशा विमानांवर आपल्याकडचे कितीतरी वैमानिक पहिल्यांदा उडायला शिकले. पंख वेगळे करून ते ट्रेलरवरून आणलं आणि पुढच्या परवानगीसाठी कळंबोलीच्या ट्रकतळावर काही दिवस उभं ठेवलं. तिथे कुणीतरी भलं करायला म्हणून शेपटीवरून दोर आवळून बांधला. वाऱ्याने दोर घासत राहिला आणि शेपटीवरच्या उभ्या पानाचं कापड फाटलं. हे पान डावी-उजवीकडे वळतं, म्हणजे विमानाचं सुकाणूच. त्याला रडर म्हणतात.

“विमानाला कापड?” मी विचारलं. “अख्खं विमान कापडाचं?”

“अंग धातूचं आहे. पंख धातूचे. हलणारी पानं तेवढी कापडाची.”

विमान देताना हवाई दलाची अट होती की ते जसं आहे तसं ठेवायचं आणि हलणारे भाग हलते ठेवायचे, म्हणजे पोरांना त्यावर शिकता येईल. महिन्याभरात एक अधिकारी पाहणीला येणार होते. त्यांना पटलं तर विमान इथे राहणार, नाहीतर दुसऱ्या एका कॉलेजला जाणार. ते कॉलेज टपूनच बसलं होतं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं याच जातीच्या विमानांची इंजिनं खोलण्या-जोडण्यात घालवली होती. हे विमान मिळावं म्हणून कॉलेजमागे लकडा त्यांनीच लावला होता. ते तिकडे गेलं असतं तर काका रडले नसते, पण सोसायटीतल्या एकेका नळावर त्यांनी राग काढला असता.

“तुमच्या हवाई दलात हे काम कोण करायचं?”

“कापडाचे वेगळे कारागीर होते. मी इंजिनवाला. त्यांच्या खोलीतून केळ्यासारखा वास यायचा, एवढंच मला पक्कं आठवतं.”

म्हणजे मला शिकवणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, आधी बघते, मग सांगते.

विमान कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये होतं. जवळ गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे त्याची उंची. दुसरी, रडरची अवस्था. फाटकं कापड लोंबत होतं आणि आतला सांगाडा दिसत होता. ॲल्युमिनियमच्या आडव्या फासळ्या, त्यांना धरणारा पुढचा कणा आणि मागे वळत गेलेली निमुळती कड. दिवाळी झाल्यावर गॅलरीत विसरलेल्या आकाशकंदिलासारखं दिसत होतं ते.

शेडमध्ये प्रिन्सिपॉलही होते. सरळ माणूस. त्यांनी फिटरकडून पत्रा कापून घेऊन ठेवला होता.

“बाई, तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “कापड उन्हात किती टिकेल? पोरं बोटं खुपसतील. पत्रा एकदा मारला की मी रिटायर होईपर्यंत बघायला नको. आणि हे काही उडणार नाहीये.”

मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. मीही सोफ्याला रेक्झिन सुचवणाऱ्यातली आहे. मी काकांकडे वळले. “बरोबर आहे की त्यांचं. कापडच का?”

काकांनी फाटका सांगाडा बिजागऱ्यांवरून उतरवून जमिनीवर ठेवला होता. “उचल,” म्हणाले. मी वाकून दोन्ही हात लावले आणि जोर केला, तर ते एवढं हलकं निघालं की मी मागेच गेले. मग एका हाताने उचललं. माझ्यापेक्षा उंच वस्तू, आणि एका हातात. त्यांनी फिटरचा कापलेला पत्रा दोन्ही बाजूंनी त्यावर टेकवला आणि पुन्हा उचलायला सांगितलं. आता दोन्ही हात लागले.

“बरं, जड झालं,” मी म्हटलं. “एवढ्या मोठ्या विमानाला याचं काय?”

“वजन किती याचं दुखणं नाही. वजन कुठे पडलं, याचं दुखणं आहे. कळंबोलीला रिकामा ट्रक जाताना बघितलास? मागच्या फाळक्याची साखळी सैल असली की काय होतं?”

“खडखडतो.”

“ट्रक पळायला लागला की?”

“कान किटतात.”

“तो लोखंडी असून तसा खडखडतो. रडर पुढच्या कडेला बिजागरीवर आहे, मागची कड मोकळी. मागची कड जड झाली आणि वारा जोराचा लागला की ते असंच थडथडायला लागतं. थडथड एकदा सुरू झाली की वाढतच जाते आणि पार बिजागऱ्या तोडते. शेपूट गेलं की माणूस गेला. म्हणून बिजागरीच्या मागे जितकं हलकं ठेवता येईल तितकं ठेवायचं. तेव्हा कापडापेक्षा हलकं काही नव्हतं.”

मग त्यांनी मला शिडीवरून आत बसवलं. साडी सावरत विमानात चढणं हा प्रकार मी पुन्हा करणार नाही. पायाशी दोन पेडल होती. तिथून तार निघते ती थेट शेपटीपर्यंत जाते. “मध्ये मदतीला कुठलं यंत्र नाही,” काका खालून ओरडले. “पायाचा जोर आणि ती तार. उडणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याला तासभर लोखंडी फाटक ढकलायला लावशील का?”

मी खाली उतरले. एक शंका राहिली होती. “फार जोरात गेलं तर कापड फुगणार नाही?”

काका हसले. “फुगतं. बरोबर पकडलंस. म्हणूनच पुढे जास्त वेगाची विमानं आली तेव्हा या पानांनाही पत्रा आला. तोपर्यंत इतर गोष्टीही सुधारल्या होत्या. पण या विमानाच्या वेगाला कापडच बरोबर होतं. शिवाय त्या काळच्या लढाऊ विमानांचीही पानं कापडाची असायची, गोळी लागली तर कापडाला एवढंसं भोक पडायचं. ठिगळ लावलं, वर डोप नावाचं वार्निश फासलं, वाळलं की चालले परत उडायला.”

“ठिगळ कोण लावायचं?”

“सांगितलं ना. तळावर कापडवाले असायचेच. सुई-दोऱ्यासकट.”

तेव्हा मी हो म्हणायचं ठरवलं. मला देशभक्तीचा उमाळा वगैरे आला नव्हता. पण ज्या कामाला सगळे ‘घरबसल्या काहीतरी’ म्हणतात त्याच्यावाचून लढाईतलं विमान जमिनीवर उभं राहायचं, हे ऐकून माझी मान जराशी ताठ झाली, हे खरं. प्रिन्सिपॉलना मी सांगितलं, “पत्रा ठेवून द्या, वाया जाणार नाही. पाहणीपर्यंत कापडाचं रडर देते. टिकण्याचं म्हणाल तर ते सडेल तेव्हा आम्ही पुन्हा शिवून देऊ.”

“कायमचं?”

“क्लास आहे तोवर.”

त्यांनी मान डोलावली. खरं तर त्यांना एवढंच हवं होतं. पुढे बघणारं कुणीतरी आहे एवढं कळलं की बहुतेक माणसं पत्र्याचा हट्ट सोडतात.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते तुर्भ्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले होते. जेवता जेवता म्हणाले, “विमानाला फॉल-पिको पण करणार का?”

“वेगळे पैसे पडतील,” मी म्हटलं.

रडर क्लासमध्ये आणलं ते टेम्पोतून. कापायच्या टेबलावर ठेवलं तर दोन्हीकडून बाहेर आलं. माझ्याकडे तेव्हा बऱ्याच बायका यायच्या, पण या कामाला मी दोघींना घेतलं. एक साताऱ्याकडची. तिचा नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, आणि तिची मशिनवरची शिलाई पट्टीने ओढल्यासारखी सरळ. दुसरी करावे गावातली, घरची मासेमारी. शिवणात मध्यम, पण हाताच्या कामात आणि तोंडाने, दोन्हीकडे एक नंबर.

जुनं कापड मी फाडू दिलं नाही. बाई जुना, अंगाला बसलेला ब्लाउज घेऊन येते आणि म्हणते ‘अगदी अस्साच’, तेव्हा आपण तो उसवून त्याच्यावरून माप घेतो. तसंच करायचं ठरवलं. एकेक शिवण ब्लेडने उसवत गेलो आणि कोणी सांगायची गरज उरली नाही. कापडाची आधी पिशवी शिवलेली होती, उशीच्या अभ्र्यासारखी, आणि ती मागच्या कडेकडून सांगाड्यावर ओढून पुढे बंद केलेली. मग प्रत्येक फासळीवर, या बाजूच्या कापडातून त्या बाजूच्या कापडापर्यंत, आरपार टाके. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. टाक्यांवर झिगझॅग कात्रीने कापलेली पट्टी चिकटवलेली, म्हणजे दोऱ्याला वारा लागू नये. खालच्या कडेला आत साचलेलं पाणी निघून जायला बारीक आयलेट, म्हणजे कडी बसवलेली भोकं. ज्याने कुणी हे शिवलं होतं त्याने वर दिसणाऱ्या कामाइतकंच झाकलेलं काम नीट केलं होतं. मी पुष्कळांची कामं उसवली आहेत. आत काय सापडतं ते मला माहीत आहे.

“बाई, एवढ्या गाठी कशाला?” साताऱ्याच्या बाईने विचारलं. “सरळ टाचत गेलं तर लवकर होईल की.”

“मधेच एक तुटला तर? सरळ दोऱ्याचे मागचे सगळे सैल होतील. इथे एक तुटला तर एकच जाईल.”

पण ती गाठ काही मला सुटेना. बसवायला गेले की सरकायची. करावेची बाजूला बसून पट्ट्या कातरत होती. थोडा वेळ तिने माझी फजिती बघितली आणि मग तिला राहवलं नाही.

“सर बाय, सर तिकरं. ही तं जाल्याची गाठ हाय. माझा बापूस डोले मिटून मारतो ही.”

“मग आधी बोलायचं ना!”

“तुमी इचारलाव कुठं? तुमी बाई, आमी शिकाला आलेल्या.”

तिने दोरा दोन बोटांत धरला, एक फेरा, एक अटकाव, आणि हिसका. गाठ जागच्या जागी बसली, हलेना. मासा ओढताना जाळ्याचा एक आस, म्हणजे एक घर, तुटला तर शेजारचा उसवू नये म्हणून मारतात तीच गाठ. दोऱ्याला मेण लावायचं हेही तिनेच सुचवलं. त्या दिवसापासून फासळ्यांचं खातं तिच्याकडे आणि तिचा तोराही बघण्यासारखा. साताऱ्याच्या बाईला म्हणायची, “मशिनवाली, तू पिशवी शिव. विमान मी बांधते.” ती उलट म्हणायची, “बांध बांध. मासे अडकले तर मला वाटा दे.”

कापड म्हणून मी घट्ट विणीचा मांजरपाट घेतला. उजेडासमोर धरून, पिळून, तिरपा ओढून पाहिला. तागे क्लासमध्ये आले आणि आम्ही काय केलं? सूचनेप्रमाणे वागलो. साताऱ्याच्या बाईने ते संध्याकाळी बादलीत टाकले. मी तिला टाक म्हटलं नव्हतं, पण तिने टाकलं नसतं तर मीच टाकलं असतं. सकाळी वाळवले, इस्त्री केली, कापले. पिशवी शिवली, चढवली, करावेच्या बाईने आरपार टाके घातले. सुरकुती नाही, झोळ नाही. बघून समाधान वाटलं.

डोप काकांनी ओळखीतून एका फ्लाइंग क्लबकडून मिळवला. पातळ, वार्निशसारखा द्रव. कापडावर फासला की मुरतो, वाळतो आणि कापडाला ताणून धरतो. ते काम आम्ही कॉलेजच्या शेडमध्ये कोरड्या दुपारी केलं. दमट हवेत तो पांढरा पडतो. आणि पेट घेतो. साताऱ्याची बाई काम सुरू करण्याआधी अगरबत्ती लावायची, ती काकांनी अक्षरशः तिच्या हातातून काढून घेतली. केळ्याचा वास मात्र खराच होता.

पहिला हात वाळला. काकांनी जवळ जाऊन कापडावर टिचकी मारली.

“थप्प.”

त्यांनी दुसऱ्या फासळीजवळ मारली. थप्प. त्यांनी पुन्हा ब्रश उचलला. दुसरा हात दिला, तिसरा दिला. कापड कडक झालं, पण ताणलं गेलं नाही. कडक पापडासारखं, आणि मधे किंचित झोळ. खऱ्या रडरला टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजायला हवं, एवढं काकांना आठवत होतं. आमचं रडर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं वाजत होतं.

पाहणी आठवड्यावर आली होती.

“चालेल,” काका म्हणाले. “लांबून दिसायचं नाही. रंग दिला की झाकेल.”

त्यांचा चेहरा मात्र चालेल असं म्हणत नव्हता. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांनीच हात टेकले, तेव्हा मला राग आला. त्यांचा नाही, त्या थप्पचा.

“काका, पाहणीला येणारा माणूस टिचकी मारणार की नाही?”

“पहिली गोष्ट तीच करणार.”

“मग कसं चालेल?”

“डोप जुना असेल बहुतेक.”

हे सोपं उत्तर होतं आणि मला सोपी उत्तरं तपासल्याशिवाय घ्यायची सवय नाही. गिऱ्हाईक म्हणतं कापड वाईट, शिंपी म्हणतो दोरा वाईट, आणि चूक असते कात्रीत. मी क्लासमध्ये आले, दोन जुन्या फोटोंच्या चौकटी घेतल्या आणि मांजरपाटाचे उरलेले तुकडे शोधायला लागले. एक तुकडा भिजवून कापलेल्या ताग्याचा होता. दुसरा ताग्याच्या शेवटचा, गिरणीच्या शिक्क्याचा, जो बादलीत न घालता मी बाजूला काढून ठेवला होता, शाई पसरेल म्हणून. दोन्ही सारखेच सैल टाचले, दोन्हींवर त्याच डब्यातला डोप फासला, आणि गॅलरीत ठेवले.

तासाभराने साताऱ्याची बाई गॅलरीतून ओरडली, “बाई, इकडं या! शिक्क्याचं कापड बोलायला लागलं!”

भिजवलेल्या तुकड्यावर टिचकी मारली. थप्प. कोऱ्यावर मारली. टण्ण! एवढा ताणला होता की चौकटीचा एक कोपरा वाकडा व्हायला लागला होता.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मग तिघींनीही एकाच वेळी भिंतीवरच्या सूचनेकडे बघितलं.

आटणं म्हणजे कापडाचा दोष, तो शिवायच्या आधी काढून टाकायचा, हे आम्हाला इतकं पक्कं ठाऊक होतं की दुसरं काही सुचलंच नव्हतं. विमानाला ते आटणंच हवं होतं. कापड सांगाड्यावर चढल्यावर आटावं आणि फासळ्यांवर स्वतःला ओढून घ्यावं, यावर सगळा कारभार होता. आम्ही ते बादलीत घालवून बसलो होतो. शिवणकामात नवशिक्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने आळस करून कोरंच कापड वापरलं असतं.

“आता?” करावेच्या बाईने विचारलं.

“आता उसवायचं.”

“सगलं?”

“सगळं.”

तिने घातलेल्या गाठी तिलाच कापायला लागणार होत्या. तिने पदर खोचला आणि म्हणाली, “हात हायत तं गाठी हायत. कुठं हाय बलेड?”

काकांना कळवलं तेव्हा ते धावतच आले. “अगं वेळ आहे का? असू दे तसंच.”

“काका, तुम्ही इंजिनाचा एखादा नट सैल सोडला असता?”

ते तसेच मागे वळले. घरी जाऊन दुसरं ब्लेड घेऊन आले आणि उसवायला बसले. सुई त्यांना आम्ही दिली नाही.

नवा मांजरपाट आणून, तो न भिजवता दुसऱ्यांदा पिशवी शिवताना मी आणखी एक गोष्ट केली. वाकडी झालेली चौकट माझ्या डोक्यात होती. कोरं कापड घट्ट मापाचं शिवलं तर ते आटून फासळ्याच वाकवील. म्हणून चढवताना ओढून-ताणून बसेल अशी नाही, तर हाताने सहज चढेल अशी पिशवी ठेवली. डोळ्यांना ती ढगळ दिसत होती. साताऱ्याच्या बाईला ते बघवेना. “मापच गेलं बाई,” म्हणत होती. मी म्हटलं, डोप वाळेपर्यंत तोंड मिटून बस.

बसली. पहिला हात वाळायला लागला तसा कापडावरचा ढगळपणा कडेकडून आत जायला लागला. आम्ही शेडमध्ये उभ्या राहून बघत होतो. झोळ कमी होत होत फासळ्यांवर कापड टेकलं आणि मग त्यांच्यामध्ये सपाट, ताठ झालं. मी इतकी वर्षं माणसांच्या अंगावर कपडे बसवले. कपड्याने स्वतः बसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे हात दिले, उन्हापासून वाचायला रुपेरी पुडीचा हात दिला आणि शेवटी काकांनी जुना रंग जुळवून लावला. मागची कड पट्टी लावून तपासली. सरळ होती.

पाहणीच्या दिवशी आम्ही तिघी शेडमध्ये मागे उभ्या होतो. प्रिन्सिपॉलनी आग्रहाने बोलावलं होतं. करावेची बाई नाकात नथ घालून आली होती. साताऱ्याच्या बाईने विचारलं, “लग्न हाय का विमानाचं?” ती म्हणाली, “पोर आपली हाय, नटाया नको?”

अधिकारी कमी बोलणारे होते. इंजिन पाहिलं, पंख पाहिले, आत बसून पेडल दाबली. रडर डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, कुठे अडलं नाही. मग खाली उतरून शेपटीकडे आले. काका माझ्या शेजारी होते, हात मागे बांधून, हवाई दलात उभे राहत असतील तसे.

अधिकाऱ्यांनी टिचकी मारली. टण्ण. खालच्या फासळीजवळ मारली. टण्ण. पट्टीच्या झिगझॅग कडेवरून बोट फिरवलं, वाकून खालची आयलेट पाहिली, पुन्हा उभे राहून अगदी हलकेच एक टिचकी मारली.

करावेच्या बाईला तेवढं हळुवारपण सोसवलं नाही. “साब, जोर से मारो ना,” ती मागून म्हणाली. “कुछ नहीं होता. गाँठ हमारा है.”

प्रिन्सिपॉलनी डोळे मिटले. अधिकारी वळले, तिच्याकडे, तिच्या नथीकडे पाहिलं आणि खरंच जोरात टिचकी मारली. आवाज पार छपरापर्यंत गेला.

“ये आपने बनाया?”

“तीनों ने,” ती म्हणाली.

त्यांनी आमच्याकडे बघून मान लववली आणि प्रिन्सिपॉलना म्हणाले, “एअरक्राफ्ट यहीं रहेगा. बाकी के सरफेस भी इन्हीं से करवाइए.”

काकांनी हात पुढे घेतले, खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि मला म्हणाले, “डोपचा वास अजून जात नाही बघ, मास्तर.” डोप वाळून दोन दिवस झाले होते. मी म्हटलं, “जाईल हळूहळू.”

बाकीची पानंही आम्हीच शिवली. प्रिन्सिपॉलनी राहिलेला पत्रा शेडच्या छपरातून जिथे ऊन यायचं तिथे मारला, त्यामुळे कापड जास्त टिकलं. तरी काही वर्षांनी सडलंच. कबूल केल्याप्रमाणे आम्ही ते उतरवलं आणि नवं शिवलं. तेव्हा करावेच्या बाईच्या हाताखाली चौघीजणी गाठ शिकत होत्या आणि ती त्यांना माझ्यापेक्षा कडक बोलत होती.

पाहणीच्या दुसऱ्या दिवशी मी क्लास उघडला तर भिंतीवर रंगवलेल्या ‘अस्तर भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही’ या ओळीखाली साताऱ्याच्या बाईने खडूने लिहून ठेवलं होतं: ‘विमान सोडून.’

मी ते पुसलं नाही. दिवाळीला भिंतीला हात दिला तेव्हा रंगाऱ्याकडून ते पक्क्या रंगात लिहून घेतलं. नवीन आलेली प्रत्येक मुलगी विचारायची, बाई, विमान सोडून म्हणजे काय? मी उत्तर द्यायचे नाही. तिला रिक्षात बसवून कॉलेजच्या शेडमध्ये न्यायचे आणि म्हणायचे, मार टिचकी.